शंभरातला एक भाग

आपल्या घरांत फुटबॉल नेमका केव्हा शिरला हे कोणालाच सांगता येणार नाही. सूर्यास्तापूर्वीची जेवणे उरकलेली असतात, दुकानाचा मेळ लागलेला असतो आणि शनिवारी रात्री घरातली शाळकरी मुले इंग्लंडमधले सामने पाहत बसलेली असतात. वडीलधारी मंडळी क्षणभर थांबतात, ‘गोल कोणी मारला?’ एवढे विचारतात आणि आपल्या खोलीकडे वळतात. गोल करणाऱ्यापर्यंत चेंडू कोणी आणून दिला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेख अशाच एका आणून देणाऱ्याविषयी आहे. त्याचे नाव हुआन माटा.

मधल्या फळीत खेळणाऱ्या या खेळाडूला मिडफिल्डर म्हणतात. त्याचे काम व्यापारी घराला समजावून सांगणे अवघड नाही. बाजार समितीतला अडत्या डोळ्यांपुढे आणावा. माल त्याच्याकडे येतो, पण मुक्कामाला येत नाही. कोणाकडे काय पडून आहे, कोणाला कशाची निकड आहे, कोणता भाव क्षणभरच टिकणार आहे, हे सारे माल हाती येण्यापूर्वीच त्याच्या डोक्यात तयार असावे लागते. मागे बचावाची फळी, पुढे आघाडीची फळी आणि मध्ये हा. पायाशी चेंडू आल्यावर विचार करू लागला तर उशीर झालेला असतो. अडत्याला निदान त्याची अडत रोख मिळते. मिडफिल्डरच्या पासची नोंद मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पुष्कळदा एका ओळीचीही नसते.

माटा या कामासाठी जणू घडलेला होता. उंची जेमतेम १ मीटर ७० सेंटिमीटर, डाव्या पायाचा, धावण्यात फार वेगवान नाही, अंगबळात तर मुळीच नाही. त्याचे सारे भांडवल नजरेत होते.

त्याचा जन्म २८ एप्रिल १९८८ रोजी उत्तर स्पेनमधील बुर्गोस येथे झाला. वडीलही व्यावसायिक फुटबॉलपटू होते, त्यामुळे या धंद्याची अनिश्चितता घराला ठाऊक होती. बालपण गेले ते अस्तुरियास प्रांतातील ओव्हिएदो या शहरात. डोंगराळ, पावसाळी मुलूख. एके काळी कोळशाच्या खाणींवर जगणारा. तेथील रेआल ओव्हिएदो या क्लबच्या बालसंघात तो खेळू लागला. २००३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला रेआल माद्रिदच्या प्रशिक्षणकेंद्रातून बोलावणे आले. नेमक्या त्याच वर्षी ओव्हिएदो क्लबची घडी विस्कटली. मैदानावर घसरण झालीच होती. वर खेळाडूंचे पगार थकल्यामुळे क्लबला आणखी एक पायरी खाली, स्पेनच्या चौथ्या श्रेणीत ढकलण्यात आले. मुलगा राजधानीकडे निघाला आणि त्याची पेढी दिवाळखोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हे नाव लक्षात ठेवावे; आपल्याला पुन्हा तेथे जायचे आहे.

माद्रिदमध्ये तो दुय्यम संघापर्यंत पोहोचला, मुख्य संघाकडून एकही सामना न खेळता २००७ मध्ये बाहेर पडला आणि व्हॅलेन्सियात दाखल झाला. पहिल्याच हंगामात, २००८ च्या राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात गेटाफेविरुद्ध पहिला गोल त्याने केला. व्हॅलेन्सियाने तो सामना ३–१ असा जिंकला. पण क्लबचा जमाखर्च बिघडला होता. नव्या भव्य स्टेडियमचे काम काढले, कर्ज चढले आणि २००९ मध्ये बांधकाम अर्ध्यावर थांबले. पुढे जे झाले ते कोणत्याही कर्जबाजारी घरात होते तेच: आधी सोने निघाले. २०१० मध्ये दाविद विया आणि दाविद सिल्वा विकले गेले. २०११ च्या ऑगस्टमध्ये माटा सुमारे २ कोटी ३५ लाख पौंडांना लंडनच्या चेल्सी क्लबकडे गेला. तोवर स्पेनच्या २०१० च्या विश्वविजेत्या संघात त्याचे नाव लागले होते. त्या स्पर्धेत त्याला होंडुरासविरुद्ध थोडाच वेळ खेळायला मिळाले, पण पदक ते पदकच.

१९ मे २०१२ ची म्युनिकमधील रात्र हा त्याच्या कारकिर्दीचा कळस. युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा असलेल्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिक, आणि मैदानही त्यांचेच. सामनाभर बायर्नची एकामागून एक आक्रमणे होत राहिली. ८३ व्या मिनिटाला थॉमस म्युलरने गोल केला. बायर्नला त्या रात्री एकंदर वीस कॉर्नर मिळाले. चेल्सीला पहिला आणि एकमेव कॉर्नर मिळाला तो ८८ व्या मिनिटाला. तो घ्यायला माटा गेला. त्याच्या डाव्या पायाने उचललेला चेंडू जवळच्या खांबाच्या दिशेने वळला, दिदिए द्रोग्बाने डोक्याने तो जाळ्यात धाडला आणि बरोबरी झाली. संध्याकाळभरात एकच गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले आणि त्याच्यावरच साऱ्या दिवसाची विक्री झाली, असा तो प्रकार होता.

त्यानंतर जादा वेळ, आणि मग पेनल्टींचा निवाडा. चेल्सीची पहिली पेनल्टी घ्यायला माटाच पुढे आला आणि बायर्नचा गोलरक्षक मानुएल नोयर याने ती अडवली. सामना वाचवणारा तोच. आता सामना घालवणाराही तोच ठरणार होता. पण चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक याने ओलिचची पेनल्टी अडवली, श्वाइनस्टायगरचा फटका खांबावर आदळला आणि शेवटी द्रोग्बाने काम पूर्ण केले. चेल्सी प्रथमच युरोपचा विजेता ठरला. विजयाच्या छायाचित्रांत माटा इतरांइतकाच हसताना दिसतो. आपली चूक दुसऱ्यांनी भरून काढलेल्या माणसाच्या हसण्यात जरा निराळी सुटका असते, असे मला ती छायाचित्रे पाहताना वाटते.

त्याच वर्षी १ जुलैला कीव्ह येथे युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्पेनने इटलीचा ४–० असा पराभव केला. संपूर्ण स्पर्धेत माटाला शेवटची काही मिनिटेच मिळाली. तेवढ्यात त्याने चौथा गोल केला. पुढच्या वर्षी १५ मे रोजी ॲमस्टरडॅममध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात बेनफिकाविरुद्ध अखेरच्या क्षणी विजयी गोल झाला तोही त्याच्याच कॉर्नरवर, इव्हानोविचच्या डोक्यातून. जगज्जेतेपद, युरोपचे अजिंक्यपद आणि क्लबांच्या दोन्ही युरोपीय स्पर्धांची विजेतेपदे माटा आणि फर्नांदो तोरेस यांच्या नावावर त्यानंतर दहा दिवस एकाच वेळी होती. चेल्सीच्या चाहत्यांनी २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन वर्षे त्याला क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले.

या वैभवाच्या मधोमध, २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये, ओव्हिएदोहून हाक आली. क्लबला १७ नोव्हेंबरपर्यंत सुमारे १९ लाख युरो उभे करता आले नाहीत तर टाळे लागणार होते. क्लबने भाग विक्रीला काढले, एका भागाची किंमत १० युरो ७५ सेंट. ओव्हिएदोतच वाढलेली आणि आता परमुलखात कमावती झालेली मुले पुढे आली: चेल्सीचा माटा, आर्सेनलचा सान्ती काझोर्ला, स्वान्सीचा मिचू, आतलेतिको माद्रिदचा आद्रियान. त्यांनी स्वतः भाग घेतले आणि इतरांना घ्यायला सांगितले. ज्यांनी ओव्हिएदो शहर नकाशावरही पाहिले नव्हते अशा परदेशांतल्या हजारो लोकांनी एकेक, दोन-दोन भाग घेतले. रेआल माद्रिद क्लबनेही एक लाख युरोंचे भाग उचलले. मुदतीच्या दिवशी मेक्सिकोचे उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्या समूहाने २० लाख युरो गुंतवले आणि क्लब वाचला.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही खरेदी विलक्षण आहे. या भागांवर लाभांश मिळणार नव्हता, ते चढ्या भावाने विकले जाण्याची आशाही नव्हती. घेणाऱ्याच्या हाती येणार होता तो एक कागद. तरीही त्याला निव्वळ देणगी म्हणता येत नाही, कारण भाग घेतला की माणूस भागीदार होतो. ओव्हिएदो क्लबला दान नको होते, भागीदार हवे होते, आणि माटा पुढे जे करणार होता त्याची पहिली जुळणी मला येथेच दिसते.

त्याआधी त्याच्या वाट्याला उपेक्षा यायची होती. २०१३ च्या उन्हाळ्यात जोझे मोरिन्यो चेल्सीचे प्रशिक्षक होऊन परतले. चेंडू हातचा गेल्यावर मागे धावून तो परत मिळवणारा मिडफिल्डर त्यांना हवा होता. दोन वर्षांचा सर्वोत्तम खेळाडू राखीव बाकावर बसू लागला. जानेवारी २०१४ मध्ये चेल्सीने त्याला ३ कोटी ७१ लाख पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे विकले. युनायटेडने तोवर कोणत्याही खेळाडूसाठी एवढी किंमत मोजली नव्हती. ही रक्कम खेळाडूच्या खिशात जात नाही, ती विकणाऱ्या क्लबला मिळते. घेणारा क्लब ती आपल्या हिशेबात मालमत्ता म्हणून दाखवतो आणि कराराच्या वर्षांत विभागून, यंत्रावरचा घसारा लिहावा तशी, खर्ची टाकतो. माणसाची अशी नोंद वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते खरे. माटाने चेल्सीच्या चाहत्यांना एक खुले पत्र लिहिले, सर्वांचे आभार मानले, तक्रारीचा शब्द काढला नाही आणि हेलिकॉप्टरने मँचेस्टरला जाऊन उतरला.

तेथे तो साडेआठ वर्षे राहिला; २८५ सामने खेळला, ५१ गोल केले. २२ मार्च २०१५ रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर त्याने दोन गोल केले. त्यातला दुसरा, हवेत आडवे होऊन कात्रीसारख्या पायांनी मारलेला, युनायटेडचे चाहते आजही काढून पाहतात. २१ मे २०१६ ला एफए चषकाच्या अंतिम सामन्यात क्रिस्टल पॅलेसने आघाडी घेतल्यावर तीनच मिनिटांत त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत युनायटेड जिंकला. त्या आठवड्याच्या आतच युनायटेडचे नवे प्रशिक्षक जाहीर झाले: जोझे मोरिन्यो. ऑगस्टमध्ये वेम्बली मैदानावर लेस्टरविरुद्धच्या सामन्यात त्यांनी माटाला बदली खेळाडू म्हणून उतरवले आणि शेवटच्या मिनिटांत पुन्हा बाहेर काढले. बदली खेळाडूची अशी बदली अपमानास्पद मानली जाते. माटा आता जाणार, असे सर्वांनी गृहीत धरले. तो गेला नाही. सरावाला येत राहिला, संघात परतला आणि २४ मे २०१७ रोजी स्टॉकहोममध्ये आयॅक्सला हरवून युनायटेडने युरोपा लीग जिंकली तेव्हा सुरुवातीच्या अकरांत होता. ज्या वरिष्ठाने एकदा आपल्याला नाकारले त्याच्याच हाताखाली पुन्हा काम करण्याची वेळ आली तर काय करावे, याचे इतके शांत उत्तर मी क्रीडाक्षेत्रात क्वचित पाहिले आहे.

याच सुमारास त्याच्या मनात दुसरा हिशेब चालू होता. स्पेनमधील एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याने उघडपणे सांगितले होते की फुटबॉलच्या जगात आपली कमाई सामान्य गणली जात असली, तरी जगातल्या बहुतेक सर्व माणसांच्या तुलनेत ती लाज वाटावी इतकी अवाढव्य आहे. आपले जग एका बुडबुड्यात आहे, असेही तो म्हणाला. कमावता माणूस स्वतःच्या कमाईविषयी असे जाहीर बोलत नाही, मैदानावरही नाही आणि बाजारातही नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात तो मुंबईला आला. कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी असलेल्या आंबेडकर नगर वस्तीत अशोक राठोड यांनी २००६ मध्ये ‘ऑस्कर फाउंडेशन’चे काम सुरू केले. जवळच ससून डॉक. वस्तीतील पुष्कळ मुले लहानपणीच शाळा सोडून मासळीच्या कामाला लागत. राठोड यांनी त्यांना फुटबॉल शिकवायला घेतले आणि एकच नियम घातला: शाळा नाही तर फुटबॉल नाही. मुलांना खेळ इतका प्रिय झाला की खेळासाठी ती शाळेत जाऊ लागली. मँचेस्टरच्या क्लबचा विश्वविजेता खेळाडू येऊन या मुलांत खेळला. वस्तीतून त्याला दिसले ते हे की ज्या खेळाने त्याला श्रीमंत केले, तोच खेळ येथे हजेरीपटाचे काम करीत होता.

लगेच, ४ ऑगस्ट २०१७ रोजी, त्याने जाहीर केले की आपण यापुढे पगाराचा एक टक्का एका सामाईक निधीत देणार, आणि इतर खेळाडूंनीही तेवढाच द्यावा. उपक्रमाचे नाव ‘कॉमन गोल’. म्युनिकच्या त्या रात्रीची आठवण त्याने या वेळी दिली होती: चेक गोलरक्षक, ब्राझीलचा बचावपटू, नायजेरियाचा मिडफिल्डर, आयव्हरी कोस्टचा आघाडीवीर, असे नाना देशांचे लोक एका हेतूने एकत्र आले तेव्हाच तो चषक मिळाला. खेळाडू मैदानावर संघ म्हणून जिंकतात आणि दान मात्र एकेकट्याने करतात, हे त्याला विसंगत वाटत होते.

निधीची व्यवस्था ‘स्ट्रीटफुटबॉलवर्ल्ड’ या बर्लिनच्या संस्थेकडे सोपवली गेली. तिचे संस्थापक युर्गेन ग्रीस्बेक कोलंबियातील मेदेयिन शहरात शिकत असताना, १९९४ मध्ये, आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची तेथे हत्या झाली. विश्वचषकात त्याच्याकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला होता. त्या घटनेने हादरलेल्या ग्रीस्बेक यांनी तेथे गल्लीफुटबॉल सुरू केला, मुलामुलींचे एकत्र संघ केले आणि सामन्यातला पहिला गोल मुलीनेच करायचा असा नियम ठेवला. खेळामुळे माणूस मारला गेला त्याच शहरात खेळाकडून माणसे जोडण्याचे काम करून घेतले गेले. २००२ मध्ये अशा जगभरच्या संस्थांना जोडणारी संस्था उभी राहिली, ती ही.

एक टक्का ऐकल्यावर आपल्या वाचकांना एक जुनी गोष्ट आठवली असेल. आपल्याकडच्या पेढ्यांच्या वह्यांत धर्मादायाचे खाते वेगळे असे. बाजारपेठेत पोत्यामागे किंवा शेकड्यामागे ठरलेली लहानशी रक्कम त्यात जमा होई आणि तीतून पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा चालत. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न मानायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ती व्यापारी उत्पन्न नव्हे असा निर्वाळा मिळाला. या पद्धतीचे मर्म तिच्या नियमितपणात होते. दर वेळी मनाला विचारावे लागत नसे. तेजी असो वा मंदी, व्यवहार झाला की हिस्सा बाजूला पडे. शिवाय साऱ्या पेठेचा दर एकच असल्यामुळे देणारा मागे पडत नसे. माटाच्या मनात फुटबॉलच्या बाजारासाठी नेमकी अशीच रूढी होती. फरक आहे तो हा, की आपला धर्मादाय पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या बिलातून येई आणि माटाचा टक्का स्वतःच्या पगारातून जातो. या बाबतीत त्याचे पारडे जड आहे, हे आपण मोकळेपणे मान्य करायला हवे.

एवढ्या श्रीमंत माणसाने शंभरातला एकच भाग का द्यावा, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. दान म्हणून पाहिले तर एक टक्का थोडा आहे, यात शंका नाही. पण दहा टक्के मागितले असते तर दहाबारा सज्जन पुढे आले असते आणि बाकीच्यांनी त्यांचे कौतुक करून विषय मिटवला असता. एक टक्क्याला नाही म्हणायला सबब सापडत नाही, आणि हीच माटाची चाल होती. ती पुरती साधली का? माझ्या मते अर्धीच. जर्मनीचा मॅट्स हुमेल्स दुसरा सभासद झाला. मग इटलीचा किएलिनी, अमेरिकेची मेगन रॅपिनो, प्रशिक्षक युर्गेन क्लॉप, युरोपीय महासंघाचे अध्यक्ष चेफेरिन, डेन्मार्कचा नोर्शेलँड हा अख्खा क्लब. संख्या दोनशेंवर गेली. पण खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतच वर्षाला अब्जावधी मोजणाऱ्या या पेठेने तो टक्का आपल्या वहीत कायमचा लिहिलेला नाही. इंग्लंडच्या किंवा स्पेनच्या लीगने सर्व करारांतून तो कापण्याचा नियम केलेला नाही. रूढी पडायला पिढ्या लागतात, हे मान्य. मात्र दूरचित्रवाणीचे हक्क विकायला या लीगांना पिढ्या लागल्या नाहीत.

माटाने २०२२ मध्ये मँचेस्टर सोडले. मग तुर्कस्तानात गालातासराय, जपानमध्ये विस्सेल कोबे. दोन्ही संघ त्या त्या वर्षी आपापल्या देशाचे विजेते ठरले, जरी कोबेत त्याला खेळायला फारसे मिळाले नाही. २०२४ मध्ये तो ऑस्ट्रेलियात वेस्टर्न सिडनीकडून आणि पुढच्या वर्षी, सदतीस वर्षांचा असताना, मेलबर्न व्हिक्टरीकडून खेळू लागला. स्पेनसाठी ४१ सामने आणि १० गोल अशी त्याची राष्ट्रीय नोंद आहे.

ओव्हिएदोचे काय झाले, हे सांगायचे राहिले. २०१२ मध्ये भाग घेणाऱ्यांपैकी सान्ती काझोर्ला, तोही मिडफिल्डरच, २०२३ मध्ये आपल्या या पहिल्या क्लबात परतला. त्याने नियमाने देता येईल तेवढे किमान वेतन स्वीकारले आणि आपल्या नावाच्या जर्सीच्या विक्रीतील दहा टक्के क्लबच्या बालसंघांकडे वळवायला सांगितले. २१ जून २०२५ रोजी मिरांदेसविरुद्धच्या निर्णायक सामन्यात चाळीस वर्षांच्या काझोर्लाने पेनल्टीवर गोल केला. ओव्हिएदोने जादा वेळेत तो सामना ३–१ असा जिंकला आणि चोवीस वर्षांनंतर क्लब स्पेनच्या पहिल्या श्रेणीत आला. पावणेअकरा युरोंच्या त्या भागांवर आजवर कोणाला लाभांश मिळाल्याचे ऐकिवात नाही. त्या रात्री मात्र परदेशांतल्या पुष्कळ भागधारकांनी कपाटातून आपले कागद काढून पाहिले असतील.